खिडकीखालची रांग

चौसाळ्याच्या सत्यभामाबाईंना टीव्हीचा राग होता आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं निगुतीनं सांभाळला होता. संध्याकाळ झाली की झाडून सगळं गाव त्या डबड्यापुढं बसतं, पडद्यावरच्या सुनेसाठी हमसून हमसून रडतं, आणि आपल्या गाण्याच्या वर्गाला मात्र तीन पोरी, त्यातली एक कायम शिंकणारी, हे त्यांना काही केल्या पटत नसे.

बाईंचं माहेर केजचं. परकर नेसत होत्या तेव्हापासून त्या रहमतुल्ला उस्तादांच्या ओसरीवर बसून गाणं शिकल्या. लग्न होऊन चौसाळ्याला आल्या तेव्हा रुखवताच्या भांड्यांशेजारी तंबोरा ठेवलेला होता. त्याचा भोपळा बघून सासरच्या बायकांनी विचारलं होतं, "एवढ्याची भाजी किती दिस पुरायची?" ते हसणं बाई अजून विसरल्या नव्हत्या. या गावाला कान नाहीत, असा निकाल त्यांनी त्याच दिवशी देऊन टाकला होता आणि पुढं त्यावर अपील चालू दिलं नाही.

त्यांचे यजमान गावातल्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचे सेक्रेटरी होते. पहाटे आणि दिवेलागणीला संस्थेच्या हॉलमध्ये दूध घालायला माणसं यायची, मधल्या वेळात हॉल मोकळा. तिथं बाईंचा वर्ग भरू लागला. भिंतीला दुधाचे कॅन, कोपऱ्यात फॅट काढायचं मशीन आणि मधे सतरंजीवर सा रे ग म. यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, वर्ग मात्र तिथंच राहिला.

मग ते वर्ष आलं. शेजारच्या लातूरला आगगाडीनं पाणी न्यावं लागलं, ते. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, संस्थेच्या कॅनमध्ये कोळी जाळी विणू लागले. अशात एक दिवस संस्थेचे चेअरमन सुंदरराव वर्गात येऊन उगीचच कॅनची झाकणं उघडझाक करत राहिले. बाईंनी ओळखलं, काहीतरी जड बोलायचंय.

"काकू, वाईट वाटून घेऊ नका," सुंदरराव म्हणाले. "पेंडीची पोती ठेवायला जागा न्हाई. लोक हॉल मागायलेत. वर्गाला पोरी असत्या तर मी तोंड वर करून भांडलो असतो. पण तीन पोरींसाठी सभेत काय बोलू, सांगा?"

बाईंनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली. हॉल गेला म्हणजे वर्ग गेला आणि वर्ग गेला की पुणं. मुलाचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी बघितला होता. तिथं तंबोरा जुळवायला घेतला तरी शेजारचा भिंतीवर टकटक करायचा. तसलं म्हातारपण नको, एवढंच त्यांना देवाकडं मागायचं होतं.

"एक वाट हाय," सुंदरराव जरा पुढं सरकले. "पण ती तुमच्या आवडीची न्हाई."

ती वाट टीव्हीवरून जात होती. एका वाहिनीनं नवा कार्यक्रम काढला होता, 'सितारा शिकतो गाणं'. मालिकांमधली गाजलेली माणसं धरायची, एकेकाला कुठल्यातरी गावच्या गुरूकडं पाठवायचं, चार दिवसांत एक बंदिश शिकवायची, शेवटी त्या गावासमोरच गायला लावायचं आणि मग परीक्षकांपुढं सगळ्यांची स्पर्धा घ्यायची. त्यामुळं म्हणे शास्त्रीय संगीत घराघरांत पोचणार होतं. सुंदररावांच्या पुतण्यानं मोबाइलवर बाईंचं गाणं टिपून पाठवलं होतं आणि ते तिकडं पसंत पडलं होतं.

"चार दिवसांत बंदिश?" बाई कडाडल्या. "मला उस्तादांनी सहा महिने नुसत्या सा वर बसवलं होतं!"

"तुमी सा वरच बसवा की. फक्त कॅमेऱ्यापुढं बसवा. आपल्या संस्थेची पाटी दिसंल, वर्गाचं नाव होईल, पोरी येतील. पोरी आल्या की पोती मी दुसरीकडं नेतो."

बाईंनी नाक मुरडलं, पाणी प्यायल्या, पुन्हा नाक मुरडलं आणि हो म्हणाल्या.

आता त्या खिडकीचं सांगायला हवं. हॉलला रस्त्याच्या अंगाला एकच मोठी खिडकी होती आणि नेमकी तिच्याखाली ग्रामपंचायतीनं आधीच्या वर्षीच पाण्याची टाकी आणून ठेवली होती. टँकर येऊन त्या टाकीत रिकामा व्हायचा. तो कधी येईल याचा नेम नसे, म्हणून पहाटेपासून बाया नंबराला घागर लावायच्या. घागरी, हंडे, तेलाचे डबे, सगळ्यांची रांग भिंतीला धरून पार पानटपरीपर्यंत जायची. भांडं लावलं की जागा पक्की, माणूस नसला तरी चालतो, हा त्या रांगेचा कायदा. तो मोडणाऱ्याची खैर नसे. पण घागर लावूनही बाया घरी जात नसत. तिथंच बसायच्या, बोलायच्या, भांडायच्या, आणि ते सगळं खिडकीतून थेट बाईंच्या अल्हैया बिलावल रागात येऊन पडायचं.

"अहो वच्छलाबाई, जरा हळू!" बाई खिडकीतून ओरडायच्या. "आत शिकवणं चाललंय!"

वच्छलाबाई ही त्या रांगेची अनभिषिक्त राणी. आवाज असा की पलीकडच्या शिवारातला बैल थांबावा. ती खालून म्हणायची, "मग शिकवा की. आमी कुठं धरलंय तुमाला?"

शेवटी बाईंनी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई दारातच आडवी आली. "बाई, खिडकी कावून लावली ओ?"

"धूळ येते."

"धूळ तर सगळीकडंच हाय."

बाईंना तो टोमणा वाटला. त्यांनी खिडकीला आतून खिट्टी घातली, फटींना वर्तमानपत्र चिकटवलं आणि टाकी दुसरीकडं हलवा म्हणून सुंदररावांकडं तक्रारही करून बघितली. टाकी हलली नाही. त्या उन्हाळ्यात आणि त्याच्या आधीच्याही, आत घामाच्या धारा लागल्या तरी खिडकी उघडली नाही.

आत काय चालायचं? बाई उस्तादांचीच एक बंदिश शिकवायच्या.

*जागो री, अंगना बुहारो,*
*सूरज ठाडो द्वार…*

उठ गं बाई, अंगण झाड, सूर्य दारात येऊन उभा राहिलाय. बोल साधे, पण 'ठाडो'पाशी एक गंमत होती. तिथं कोमल निषादाला नुसता हात लावून माघारी फिरायचं. थांबलं तर राग बिघडला, न लावता गेलं तर गाणंच गेलं. पोरी हटकून तिथंच पडायच्या. मग बाई मांडीवर थाप मारून म्हणायच्या, "नाही, परत!" आणि गाडी पुन्हा 'जागो री'वर. उस्ताद म्हणायचे, स्थायी म्हणजे घर आणि अंतरा म्हणजे माडी, घर उभं राहिल्याशिवाय माडी चढवायची नाही. बाईंनी हे इतकं मनावर घेतलं होतं की कित्येक पोरी आल्या, दोन दोन वर्षं 'नाही, परत' ऐकून गेल्या, पण अंतरा काही त्यांच्या नशिबी आला नाही. तबल्यावर उस्तादांचा पुतण्या ख्वाजा बसायचा. हायवेवर त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, पण बोअर कोरडे पडल्यावर मोटरी जळायच्याही बंद झाल्या, त्यामुळं त्याला वेळच वेळ होता. तो एकदा म्हणालाच, "आपा, माडीची चावी कुणाला तरी द्या की. न्हाईतर गंजून जाईल."

"घर बांधू दे आधी," बाई म्हणाल्या.

तर अशा वर्गात टीव्हीची बाई आली. आणि आली तीही कोण, तर कुमुदिनी! रोज रात्री आठला गरीब जावेच्या दुधात काहीबाही कालवणारी, दागिने लपवून चोरीचा आळ घेणारी, भुवई वर करून हसणारी कुमुदिनी. गाडीतून तिनं पाय खाली ठेवला आणि रांगेतल्या बाया घागरी सोडून तिच्याभोवती जमल्या. त्यांना तिचा फोटो नको होता, जाब हवा होता.

"का गं ए सटवे," वच्छलाबाईनं सुरुवात केली, "त्या लेकरानं तुझं काय घोडं मारलंय? पोटुशी हाय ती, अन् तू तिला जिन्यावरून ढकलतीस?"

"अवदसा कुठली," मागून कोणी म्हणालं.

ती बाई आधी घाबरली, मग हात जोडून म्हणाली, "मावशी, मी नाही ओ ढकलत. मला तसं लिहून देतात. आणि माझं नाव कुमुदिनी नाही, जानकी आहे."

"जानकी?" वच्छलाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाव तर सीतेचं हाय. मग असं कावून वागावं?"

सत्यभामाबाई दारातून हे बघत होत्या. त्यांनी मनात म्हटलं, घ्या, हे आपलं गाव आणि हे त्याचं संगीतप्रेम. ह्या लोकांच्या घराघरांत आता बिलावल पोचणार आहे.

जानकीला त्यांनी पहिल्याच दिवशी रडवायचं ठरवलं होतं, पण तशी वेळ आली नाही. पोरगी नेटाची निघाली. पडद्यावर तिच्या ओठांवर कायम दुसऱ्याचाच गळा असायचा, त्यामुळं आपला आवाज कसा आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. बाईंनी एक तांब्याचा हंडा तिच्यापुढं ठेवला, त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन सा लावायला सांगितलं. केजला उस्ताद असंच करायला लावायचे. हंड्यातून आवाज घुमून स्वतःच्याच कानावर येतो, खोटं लपवता येत नाही. त्या वर्षी गावात रिकाम्या हंड्यांना तोटा नव्हता. जानकी हंड्यात गात राहिली आणि दुसऱ्या दिवशी अचानक मान वर करून म्हणाली, "बाई, हा माझा आवाज आहे?" तिचे डोळे भरून आले होते. बाईंना ती त्या क्षणी आवडली, आणि आवडल्याचा रागही आला.

"हो, तुझाच. आता निषाद नीट लाव."

"बाई, खिडकी उघडू या का? फार उकडतंय."

"नको. बाहेर बाजार भरलेला असतो."

निषाद काही नीट लागत नव्हता. "नाही, परत!" चार दिवस हॉलमध्ये हेच. पण कार्यक्रमवाल्यांना अख्खी बंदिश हवी होती, म्हणून शेवटच्या सकाळी बाईंनी जानकीला आपल्या घरी बोलावून, जणू चोरीचा माल देतात तसा, अंतरा शिकवला.

गावासमोरच्या गाण्याचं चित्रीकरण त्याच दिवशी होतं. दिग्दर्शक उलटी टोपी घातलेला तरणा माणूस होता. तो हॉलचं दार उघडून आत गेला आणि तसाच बाहेर आला. आत माणूस नव्हता. सतरंजीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत घागरी, कळशा, हंडे आणि तेलाचे डबे ओळीनं बसले होते. सगळ्यांत पुढं वच्छलाबाईचा पोचा पडलेला तांब्याचा हंडा.

"हे काय आहे?" त्यानं ख्वाजाला विचारलं.

"प्रेक्षक हायेत, साहेब," ख्वाजा तबल्याची वादी ओढत म्हणाला. "माणसं मागून येतील."

माणसं आली. आपापलं भांडं मांडीवर घेऊन बाया आपापल्या जागेवर बसल्या. टोपीवाल्यानं आवाज नको म्हणून सगळी दारं लावायला सांगितली. खिडकी तर लावलेलीच होती. टँकर दुपारशिवाय येऊ देऊ नका असं त्यानं सुंदररावांना बजावलं होतं आणि सुंदररावांनीही ड्रायव्हरला तसा फोन केला होता. तिथंच घोडं अडलं. फोनवर सुंदरराव भोळेपणानं सांगून बसले की आज कुमुदिनी गाणार आहे. ड्रायव्हर झाला तरी माणूसच, त्याच्या घरीही टीव्ही होता.

जानकीनं डोळे मिटून आलाप सुरू केला. हॉलमध्ये कुजबुज चालूच होती. "भुवई बघ, भुवई वर न्हाई केली आज." "साडी चांगली हाय." बाई तंबोऱ्याच्या तारांवरून बोट फिरवत खाली बघत होत्या. त्यांना माहीत होतं, ही सगळी कुमुदिनीला बघायला आलीत. हरकत नाही. बघा, पण बसा. थोडा वेळ बसा.

जानकी स्थायीवर आली. *जागो री, अंगना बुहारो…* आणि रस्त्यावरून टँकरचा हॉर्न वाजला. लांबलचक, सणासुदीला वाजवावा तसा.

जे व्हायचं ते झालं. मांडीवरच्या घागरी काखेत गेल्या, दार धाडकन उघडलं, आणि बघता बघता हॉल रिकामा झाला. सुंदरराव "अगं थांबा, अगं थांबा" म्हणत त्यांच्यामागं धावले, पण पाण्यापुढं चेअरमनला कोण विचारतो? टोपीवाल्यानं टोपी काढून जमिनीवर आपटली. सतरंजीवर एक चप्पल तेवढी उरली होती.

बाईंनी तंबोरा मांडीवर आडवा ठेवला. त्यांना त्या बायांचा राग आला नाही, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. घरात पाणी नसेल तर कुणीही उठेल, आपणही उठलो असतो. पण आतून काहीतरी खचलं ते खचलंच. संपलं. पोती येतील, पुणं येईल.

"बंद कर, ख्वाजा," त्या म्हणाल्या. "झालं."

ख्वाजानं तबल्यावर तळवा ठेवला. जानकी कावरीबावरी होऊन बाईंकडं बघत होती. बाहेर टँकरचा पाइप टाकीत पडल्याचा आवाज आला, पाणी धो धो सुटलं, भांड्याला भांडं लागलं. आणि त्या गलक्यातून, बंद खिडकीच्या पलीकडून, एक रांगडा आवाज वर आला. जिथं जानकी थांबली होती तिथूनच.

*सूरज ठाडो द्वार…*

वच्छलाबाईचा आवाज! त्यात आणखी दोन मिसळले, मग पाच, मग सगळी रांग.

*जागो री, अंगना बुहारो,*
*सूरज ठाडो…*

कोमल निषाद काहींना लागला, काहींचा पार बांधावरून उतरून शेतात गेला. आणि 'द्वार' म्हणून झाल्यावर साऱ्याजणींनी एका सुरात, समेवर नेमकं पाऊल टाकून म्हटलं,

"नाही, परत!"

आणि पुन्हा 'जागो री'.

ख्वाजा फसकन हसला. मग त्यानं बाईंकडं बघितलं आणि हसायचा थांबला. बाईंनी मान खिडकीकडं वळवली होती.

"नाही, परत!" पुन्हा बाहेरून आलं. थट्टा नव्हती त्यात. जणू ते गाण्याचंच कडवं होतं, उस्तादांनीच बांधलेलं. दोन उन्हाळे भिंतीतून जसं आलं तसं त्यांनी घेतलं होतं, दाणा आणि भुसा सगळं एकत्र.

बाई उठल्या. गुडघे दुखत होते, ते त्यांना आठवलंही नाही. खिडकीच्या फटीतलं वर्तमानपत्र त्यांनी ओरबाडून काढलं. खिट्टी गंजली होती, निघेना. जानकी धावत आली, दोघींनी मिळून खिट्टीला हिसडा दिला, आणि खिडकी कुरकुरत उघडली. धूळ, ऊन, पाण्याचा वास, सगळं एकदमच आत आलं.

खाली रांग गप्प झाली. शाळेत कॉपी करताना सापडल्यासारखी तोंडं करून बाया वर बघू लागल्या.

"तुम्ही…" बाईंनी चौकटीला हात टेकला. "तुम्ही हे कधी शिकलात?"

"शिकतो कुठं ओ," वच्छलाबाई ओशाळून म्हणाली. "पाण्याला आलं की ऐकतो. आधी नीट ऐकू यायचं. मग तुमी खिडकी लावली. तवापून भिंतीला पाठ लावून बसावं लागतंय. पुढच्या नंबरासाठी भांडणं व्हतात, ती कावून व्हतात वाटतं तुमाला? खिडकीखालची जागा सगळ्यांना पाहिजे."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलं की म्या, खिडकी कावून लावली म्हणून. तुमी म्हनलात धूळ येती."

डोळ्यांतलं पाणी बाईंनी पुसलं नाही, वाहू दिलं. गावाला कान नाहीत म्हणून त्यांनी निकाल दिला होता आणि गाव भिंतीला पाठ लावून बसलं होतं.

"चुकलं असंल आमचं," मागून कोणी बाई म्हणाली. "आमी अडाणी."

"चुकलंय," बाई म्हणाल्या. "निषाद चुकलाय. आणि 'नाही, परत' हे गाण्यात नाहीये."

"न्हाई?" वच्छलाबाईला खरोखरच धक्का बसला. "मग द्वारच्या पुढं काय हाय? लई दिस झाले बाई, पुढचंच कळंना. सूर्य येऊन दारात उभा राहिला, ते झालं. पण पुढं? तिनं दार उघडलं का न्हाई?"

टँकरचा ड्रायव्हर पाइप हातात धरून कुमुदिनीकडं बघत होता आणि भरलेल्या टाकीवरून पाणी वाहून चाललं होतं. कोणीतरी ओरडून त्याला भानावर आणलं. टोपीवाला कुजबुजत्या आवाजात कॅमेरे खिडकीकडं फिरवा, फिरवा, म्हणत होता. बाईंना त्यातलं काही ऐकू आलं नाही. उस्तादांची आठवण आली. घर कच्चं होतं, भिंती वाकड्या होत्या, पण राहायला माणसं आली होती. त्यांना अंगणात किती दिवस उभं करायचं?

"ख्वाजा, ठेका धर," त्या म्हणाल्या. "जानकी, माझ्यामागून म्हण."

आणि खिडकीच्या चौकटीला धरून उभ्या उभ्याच त्यांनी अंतरा उचलला.

*बीत गई सब रैन की बतियाँ,*
*खोलो बंद किवार…*

रात्रीच्या गोष्टी सरल्या, आता बंद कवाड उघड. तार षड्जावर त्यांचा आवाज किंचित फाटला, वय झालं होतं. पण तो गेला, थेट पानटपरीपर्यंत गेला. खाली रांगेतली प्रत्येक बाई काखेतलं भांडं तसंच धरून ऐकत राहिली. मग वच्छलाबाईनं पदर सावरला आणि म्हणाली, "परत म्हणा. अवघड हाय."

तो कार्यक्रम टीव्हीवर लागला तेव्हा चौसाळ्यात त्या वेळेला दुसरं काही झालं नाही. स्पर्धेत जानकी पुढच्याच फेरीला बाद झाली. तिचा निषाद अजून कच्चा आहे असं परीक्षक म्हणाले, आणि सत्यभामाबाईंनी टीव्हीपुढं बसून मान डोलावली, टीव्हीशी त्यांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं. जानकी मात्र अधूनमधून फोनवरून सा लावून दाखवायची. गावच्या बायांनी तिला सकाळची जानकी म्हणून माफ केलं होतं आणि रात्री आठला कुमुदिनी म्हणून त्या तिला पहिल्यासारख्याच शिव्या घालत होत्या.

संस्थेच्या सभेत सुंदररावांनी पेंडीची पोती स्वतःच्या पडवीत ठेवून घ्यायचं कबूल केलं. हॉलमध्ये पोरींचा वर्ग वाढला, आणि शिवाय एक नवा वर्ग सुरू झाला, ज्याला नाव नव्हतं. खिडकी उघडी, आत बाई, बाहेर रांग. टँकर येईपर्यंत गाणं चालायचं.

पुढच्या वर्षी पीकपाणी बरं झालं. आडाला पाणी लागलं, हातपंप चालू झाले, आणि एक दिवस टँकर बंद झाल्याचं सुंदररावांनी आनंदानं येऊन सांगितलं. बाईंनाही आनंद झाला, का नाही होणार? पण मनाच्या तळाशी एक काटा सलत राहिला. त्या पाण्याला येत होत्या. गाणं आपसूक पदरात पडत होतं. आता पाणी दारात आलं, आता कशाला येतील? स्वतःच्याच मनातल्या या हिशेबाची त्यांना लाज वाटली, पण तो पुसता येईना.

सकाळी त्या हॉलकडं निघाल्या तेव्हा रस्ता मोकळा होता. टाकी कोरडी, खिडकीखाली कोणी नाही, भिंतीला पाठ लावलेल्या जागी नुसते तेलकट डाग. बाईंनी एका डागावरून हात फिरवला. मग दाराशी गेल्या. दार उघडंच होतं. किल्ली ख्वाजाकडं असायची, तो आत तबला लावत बसला होता.

आणि सतरंजीवर ओळीनं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, घागरी, कळशा, हंडे आणि तेलाचे डबे बसले होते. सगळ्यांत पुढं, बाईंच्या बसायच्या जागेला अगदी चिकटून, पोचा पडलेला एक तांब्याचा हंडा.

"प्रेक्षक आलेत, आपा," ख्वाजा म्हणाला. "माणसं मागून येतील. शेरडं सोडायला गेलीत."

बाईंनी आधी खिडकी उघडली. मग तंबोरा काढला आणि जुळवायला बसल्या.